गुरुवारचा संघ, रविवारचा संघ

२१ मे २०२५ च्या रात्री बिल्बाओच्या सान मामेस मैदानात मँचेस्टर युनायटेडला हरवून सोन ह्युंग-मिनने युरोपा लीगचा चषक उंचावला, तेव्हा लंडनचा टॉटनहॅम हॉट्स्पर, म्हणजे स्पर्स, वीस संघांच्या प्रीमियर लीगच्या तक्त्यात सतराव्या क्रमांकावर होता. चार दिवसांनी लीग संपली तेव्हाही सतराव्याच. ३८ सामने, ११ विजय, ५ बरोबरी, २२ पराभव, ३८ गुण. प्रीमियर लीग सुरू झाल्यापासूनचा क्लबचा हा सर्वांत वाईट हंगाम. आणि याच हंगामात २००८ च्या लीग कपनंतरचा पहिला चषक आला, १९८४ नंतरचा पहिला युरोपीय चषक आला.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की लोक दोनपैकी एक निकाल देतात. कुणी म्हणतं, नशीब. कुणी म्हणतं, गुरुवारी युरोपा लीगला एक संघ उतरायचा आणि रविवारी प्रीमियर लीगला भलताच. मला दोन्ही पटत नाही. माणसं तीच होती, प्रशिक्षक तोच होता, दुबळ्या जागाही त्याच होत्या. फरक पडला तो एप्रिल-मेमध्ये. ज्या पद्धतीसाठी प्रशिक्षक अँज पोस्टेकोग्लू ओळखले जायचे, जिच्यावर आम्ही समर्थकांनी जीव लावला होता, ती पद्धत त्यांनी युरोपातल्या मोक्याच्या सामन्यांत बाजूला ठेवली, आणि ठेवली म्हणूनच चषक मिळाला. हे मान्य करणं जड जातं. पण ते मान्य केल्याशिवाय हा हंगाम समजत नाही.

त्या पद्धतीचा कणा म्हणजे हाय लाइन. चारही बचावपटू मध्यरेषेच्या जवळपास उभे राहणार. त्यांच्या आणि गोलकीपरच्या मध्ये ३५-४० मीटर मोकळं मैदान. दोन्ही फुलबॅक, म्हणजे पेद्रो पोरो आणि देस्तिनी उदोगी, चेंडू आपल्याकडे असताना कडेला न राहता आत मध्यभागी सरकणार, म्हणजे मधल्या फळीत दोन माणसं जास्त होतात. पुढचे तिघे प्रतिस्पर्ध्याच्या बचावपटूंवर तुटून पडणार. सगळं जमून आलं तर समोरच्याला आपल्या अर्ध्यातून बाहेरच पडता येत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये एतिहादवर मँचेस्टर सिटीला ४-० हरवलं, सिटीची घरच्या मैदानावरची ५२ सामन्यांची अपराजित मालिका मोडली, ते याच खेळाने.

पण हाय लाइनला एक अट असते. चेंडू ज्याच्या पायात आहे त्याच्यावर दाब असला, तर लाइनने वर उभं राहायचं. दाब नसला, त्याला मान वर करून बघायला वेळ मिळाला, तर लाइनने लगेच मागे सरकायला सुरुवात करायची. हा निर्णय चौघांनी एकाच वेळी घ्यायचा असतो, पाव सेकंदात. कबड्डीतली साखळी असते ना, एकाने झेप घेतली आणि दुसरा जागेवर राहिला की चढाईवाला दोघांच्या मधून निसटतो, तसंच. स्पर्सची अडचण अशी, की पुढच्या तिघांचा दाब अर्धवट पडला तरी लाइन खाली येत नसे. मग मागे एक लांब पास, आणि बचावपटू वळून स्वतःच्याच गोलकडे धावतोय.

या धावेत वाचवणारा एक माणूस होता, मिकी व्हॅन डी व्हेन. जानेवारी २०२४ मध्ये ब्रेंटफर्डविरुद्ध त्याचा वेग ताशी ३७.३८ किलोमीटर मोजला गेला होता, तोवर प्रीमियर लीगमध्ये कुणाचाही इतका नोंदला नव्हता. प्रतिस्पर्धी पाच मीटर पुढे निघाला तरी तो गाठायचा. सगळी पद्धत त्याच्या पायांवर उभी होती, असं म्हटलं तर अतिशयोक्ती नाही. तो आणि क्रिस्तियान रोमेरो ही जोडी एकत्र असली की लाइन चालायची. रोमेरो पुढे येऊन पास कापायचा, व्हॅन डी व्हेन मागची जागा सांभाळायचा.

आता पायांचं. मांडीच्या मागचा स्नायू, हॅमस्ट्रिंग, पूर्ण वेगात धावताना सर्वांत जास्त ताणला जातो तो पाय पुढे फेकल्यावर, जमिनीला टेकायच्या क्षणभर आधी. त्या क्षणी स्नायू लांबत असतो आणि त्याच वेळी पायाला लगामही घालत असतो. सावकाश धावताना हा ताण बेताचा असतो, पूर्ण वेगात तो एकदम वाढतो. म्हणजे ज्या पद्धतीत सेंटरबॅकला, म्हणजे मधल्या बचावपटूला, एका सामन्यात पुन्हा पुन्हा वळून ४० मीटर पूर्ण ताकदीने धावावं लागतं, त्या पद्धतीत हॅमस्ट्रिंग जाणार हे गृहीतच धरावं लागतं. प्रश्न फक्त कधी, आणि तेव्हा बाकावर कोण आहे, एवढाच उरतो.

व्हॅन डी व्हेनचं हॅमस्ट्रिंग ३० ऑक्टोबरला गेलं, लीग कपमध्ये सिटीविरुद्ध. ८ डिसेंबरला चेल्सीविरुद्ध तो आणि रोमेरो दोघेही परतले आणि दोघेही त्याच सामन्यात पुन्हा जखमी होऊन बाहेर गेले. रोमेरो तर पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत. २-० ची आघाडी घेऊन स्पर्स तो सामना ३-४ हरला. इथे मला राग येतो, आणि तो नशिबावर नाही. महिनाभर बाहेर असलेले दोन सेंटरबॅक एकाच दिवशी, हंगामातल्या सर्वांत वेगवान सामन्यांपैकी एकात, सुरुवातीपासून उतरवणं ही निवड होती. तिची किंमत तीन महिने मोजली.

गोलकीपर गुग्लिएल्मो विकारिओचा घोटा त्या सिटीवरच्या ४-० विजयातच मोडला होता. मोडलेल्या घोट्याने तो शेवटपर्यंत खेळला आणि गोल होऊ दिला नाही. मग फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत बाहेर. बेन डेव्हिस, उदोगी, विल्सन ओडोबेर, रिचार्लिसन यांची हॅमस्ट्रिंग गेली. डॉमिनिक सोलांकीचा गुडघा जानेवारीत दुखावला. राडू ड्रागुशिन ३० जानेवारीला एल्फ्सबोर्गविरुद्ध मध्यंतरानंतर उतरला आणि गुडघ्याचा अस्थिबंध फाटून हंगामाबाहेर गेला. अठरा वर्षांचा आर्ची ग्रे, जो मुळात मध्यरक्षक, आठवड्यामागून आठवडे सेंटरबॅक म्हणून उभा राहिला. त्या मुलाने जे केलं त्याचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण त्याच्याकडे व्हॅन डी व्हेनचा वेग नव्हता, आणि लाइन मात्र तिथेच राहिली, मध्यरेषेजवळ. २२ डिसेंबरला लिव्हरपूलने घरी येऊन सहा गोल केले. त्या दिवशी स्पर्सनेही तीन केले होते.

हा तीनचा आकडा विसरू नये. लीगमध्ये स्पर्सने ६४ गोल केले. चौथ्या आलेल्या चेल्सीनेही बरोबर ६४ केले. चेल्सीने ४३ खाल्ले, स्पर्सने ६५. सतराव्या क्रमांकाच्या संघाचा गोलफरक उणे एक! पुढचं टोक शेवटपर्यंत चालू होतं, मागचं कोसळलं होतं.

समर्थकांमध्ये एक समज पक्का आहे, की लीग गुरुवारने खाल्ली. युरोपा लीगचा सामना गुरुवारी रात्री आठला सुरू होतो, दहाच्या सुमारास संपतो. परदेशात असेल तर संघ पहाटे लंडनला पोचतो. रविवारी दुपारी दोनला लीगचा सामना म्हणजे मध्ये ६४ तास. स्नायूंना पूर्वपदावर यायला साधारण ७२ तास लागतात असं धरलं जातं, त्यातले आठ कमी. आणि शुक्रवार-शनिवारी सराव होतच नाही. बर्फ, मसाज, सायकल आणि व्हिडिओ. नव्याने संघात आलेल्या बचावपटूला लाइन कधी सोडायची हे मैदानावर शिकवायला दिवसच उरत नाही. मला हे दुसरं कारण पहिल्याहून मोठं वाटतं.

समज तपासून पाहू. युरोपातल्या १५ सामन्यांनंतर लगेच जे लीग सामने झाले, ते १५ वेगळे काढले तर: ३ विजय (मँचेस्टर युनायटेड, साउदॅम्प्टन, ब्रेंटफर्ड), ३ बरोबरी, ९ पराभव. गुण १२, म्हणजे सामन्यामागे ०.८. ऑक्टोबरात बुडापेस्टहून फेरेंत्सव्हारोशला हरवून आल्यावर ब्रायटनमध्ये मध्यंतराला २-० पुढे होते, मग अठरा मिनिटांत तीन गोल खाल्ले. इस्तंबूलमध्ये गालातासरायकडून ३-२ हरून आल्यावर तीन दिवसांनी इप्सविचला घरी हरले, इप्सविचचा तो त्या हंगामातला लीगमधला पहिला विजय. थकवा खरा होता.

पण उरलेले २३ लीग सामने बघा. ८ विजय, २ बरोबरी, १३ पराभव. गुण २६, सामन्यामागे १.१३. ३८ सामन्यांना हाच दर लावला तर ४३ गुण होतात, म्हणजे चौदाव्या आलेल्या वेस्ट हॅमइतके. तेव्हा गुरुवारने स्पर्सला चौदाव्यावरून सतराव्यावर आणलं असं म्हणता येईल. पाचव्यावरून चौदाव्यावर आणलं ते पद्धतीने आणि मोडलेल्या पायांनी. आदल्या वर्षी युरोप नसताना हाच प्रशिक्षक पाचवा आला होता, ६६ गुणांसह. तेव्हाही पहिल्या दहा सामन्यांतले २६ गुण बाजूला काढले, तर उरलेल्या २८ सामन्यांत ४० गुणच होते. घसरण आधीच सुरू झाली होती.

डिसेंबरचा तो तुकडा तर अमानुष होता. ५ तारखेपासून २९ पर्यंत आठ सामने. जानेवारीत पाचव्या श्रेणीतल्या टॅमवर्थच्या कृत्रिम गवतावर एफए कपचा सामना जादा वेळेत गेला, लिव्हरपूलविरुद्ध लीग कपच्या उपांत्य फेरीचा पहिला टप्पा १-० जिंकून चार दिवस झाले होते आणि आर्सेनलविरुद्धची लढत तीन दिवसांवर होती. संपूर्ण हंगामात ६० सामने झाले. एवढ्यासाठी जेवढा संघ लागतो तेवढा नव्हता. १८-१९ वर्षांची मुलं हा उद्यासाठी उत्तम साठा असतो, जानेवारीच्या बुधवारसाठी नव्हे.

आता युरोपाकडे. इथेही पहिले पाच महिने खेळ तोच, जुनाच. फरक इतकाच, की समोरचे संघ लांब पास तेवढ्या अचूकतेने टाकणारे नव्हते. काराबागविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात ड्रागुशिन दहा मिनिटांच्या आत लाल कार्ड घेऊन गेला, तरी दहा जणांनी ३-० जिंकलं. प्रीमियर लीगमध्ये असं घडतं तर निकाल काय लागला असता हे नऊ खेळाडूंनिशी मध्यरेषेवर उभं राहून चेल्सीकडून १-४ हरलेला नोव्हेंबर २०२३ चा सामना ज्यांनी पाहिलाय, त्यांना सांगायला नको.

स्पर्धेची नवी रचना कामी आली, हेही नोंदवायला हवं. २०२४-२५ पासून गट गेले. ३६ संघांचा एकच तक्ता आला, प्रत्येकाला आठ सामने. पहिले आठ थेट शेवटच्या सोळात, नववा ते चोविसावा यांना दोन टप्प्यांची जादा फेरी. स्पर्सने ५ विजय, २ बरोबरी, १ पराभव अशा १७ गुणांनी चौथा क्रमांक घेतला. म्हणजे फेब्रुवारीत दोन सामने वाचले, नेमके जेव्हा विकारिओ आणि मधल्या फळीतला जेम्स मॅडिसन परतत होते. पहिल्या आठांना शेवटच्या सोळातला दुसरा टप्पा घरी मिळतो, तोही मिळाला. आणि सर्वांत मोठा बदल: आता चॅम्पियन्स लीगमधून गळालेले संघ मध्येच युरोपा लीगमध्ये येऊन पडत नाहीत. आधीच्या नियमांत फेब्रुवारीत एखादा तगडा संघ वरून उतरायचा. तो काटा निघाला.

बाद फेरीआधी नाव नोंदवण्याच्या यादीत फक्त तीन नवे खेळाडू घालता येतात. केव्हिन डान्सो, मातिस टेल आणि जेड स्पेन्स यांना जागा मिळाल्या. स्पेन्स तर क्लबमध्येच होता, सप्टेंबरच्या यादीतून वगळलेला. डिसेंबरपासून तो इतका चांगला खेळू लागला की त्याला बाहेर ठेवणं अशक्य झालं. या यादीचा हिशेब ऑगस्टमध्ये किती काळजीपूर्वक करायला हवा, हे त्यातून कळतं.

मार्चमध्ये शेवटच्या सोळात एझेड अल्कमारविरुद्ध त्यांच्या घरी पहिला टप्पा ०-१ असा गेला, लुकास बर्गव्हालच्या स्वयंगोलने. हंगामातला सर्वांत निर्जीव खेळ तो असावा. दुसऱ्या टप्प्यात घरी ३-१, ओडोबेरचे दोन, मॅडिसनचा एक. परदेशातल्या गोलला जादा वजन देणारा नियम २०२१ मध्येच गेला होता, त्यामुळे घरी खाल्लेल्या एका गोलने गळा आवळला नाही.

खरा बदल दिसला तो १७ एप्रिलला फ्रँकफर्टमध्ये. उपांत्यपूर्व फेरीचा पहिला टप्पा घरी १-१ झाला होता. ज्यांनी वर्षभर सांगितलं होतं की आम्ही कधीच मागे सरकून बसणार नाही, ते मागे सरकून बसले. मॅडिसनला पाडल्याबद्दल मिळालेली पेनल्टी सोलांकीने मध्यंतराच्या जरा आधी घातली, आणि पुढे अख्खा अर्धा भाग दोन फळ्या पेनल्टी क्षेत्रासमोर एकमेकींना चिकटून उभ्या राहिल्या. फुलबॅक आत सरकले नाहीत, कडेलाच राहिले. व्हॅन डी व्हेन आणि रोमेरो यांना मागे धावण्यासाठी जागाच सोडली नव्हती, म्हणून धावावंही लागलं नाही. हवेतले चेंडू डोक्याने परतवायचे, जमिनीवरचे पायाने, आणि गडबड करायची नाही. दोघंही मुळात उत्तम बचावपटू आहेत ही साधी गोष्ट त्या रात्री दिसली. वर्षभर त्यांना धावपटू म्हणून वापरलं होतं.

उपांत्य फेरीत बोडो/ग्लिम्ट. आर्क्टिक वृत्ताच्या आतलं नॉर्वेचं गाव, कृत्रिम गवत, आणि जेमतेम आठ हजारांचं मैदान. लाझिओला तिथून रिकाम्या हाताने पाठवून, मग रोममध्ये पेनल्टीवर बाद करून आलेला संघ. १ मेला लंडनमध्ये ब्रेनन जॉन्सनने पहिल्याच मिनिटात गोल केला, पुढे मॅडिसन, मग सोलांकीची पेनल्टी, शेवटी एक गोल खाऊन ३-१. आठ मेच्या सामन्यात स्पर्सने काय केलं तर कृत्रिम गवतावर छोट्या पासांच्या भानगडीत पडलेच नाहीत. तिथे चेंडू वेगळा उसळतो, वेगळा सरकतो, आणि बोडोची पोरं त्यावर रोज खेळतात. विकारिओने लांब मारायचं, सोलांकी आणि रिचार्लिसनने छातीवर घ्यायचं, थ्रो आणि कॉर्नर मिळवायचे, वेळ जाऊ द्यायचा. दुसऱ्या अर्ध्यात कॉर्नरवरून रोमेरोने डोक्याने परत आत घातलेला चेंडू सोलांकीने ढकलला, थोड्या वेळाने पोरोचा दुसरा. एकूण ५-१. देखणं काही नव्हतं. मला तो सामना फार आवडतो.

दरम्यान लीगचं काय? ६ एप्रिलला साउदॅम्प्टनला ३-१ हरवलं, आणि नंतरच्या सात सामन्यांत एक गुण. वुल्व्ह्जकडून ४, लिव्हरपूलकडून ५, ब्रायटनकडून ४ गोल खाल्ले. पण साउदॅम्प्टन, लेस्टर आणि इप्सविच या तिघांचं खाली जाणं २६ एप्रिलपर्यंत पक्कं झालं होतं. त्यानंतर पंधरावे की सतरावे याने फक्त बक्षिसाची रक्कम बदलणार होती. उलट चषकाने चॅम्पियन्स लीग मिळणार होती. अशा वेळी रविवारी निम्म्याहून जास्त संघ बदलणं हा निर्णय अगदी रास्त होता, आणि ज्यांनी त्याला निर्लज्जपणा म्हटलं त्यांनी हिशेब केला नाही. अॅस्टन व्हिलाविरुद्धचा लीग सामना शुक्रवारी १६ मेला घ्यायला मिळाला, म्हणून अंतिम सामन्याआधी पाच दिवस हाती आले. तरीही सगळे वाचले नाहीत. मॅडिसनचा गुडघा बोडोविरुद्ध गेला, बर्गव्हालचा घोटा सरावात, आणि देयान कुलुसेव्हस्कीची गुडघ्याची वाटी ११ मेला क्रिस्टल पॅलेसविरुद्धच्या, ज्याला काही अर्थ उरला नव्हता अशा सामन्यात.

चेंडू घेऊन रचना करणारे तिघेही अंतिम सामन्याला नाहीत. इथे माझा एक अंदाज आहे, आणि तो मी ठामपणे मांडते: हे तिघे तंदुरुस्त असते तर पोस्टेकोग्लूंनी बिल्बाओत वेगळा संघ उतरवला असता, मोकळा खेळ झाला असता, आणि युनायटेडला प्रतिहल्ल्याला जागा मिळाली असती. नसल्यामुळे मधल्या फळीत बिसूमा, बेंटांकुर आणि पापे मातार सार आले. तिघेही धावणारे, भिडणारे. कर्णधार सोनला बाकावर ठेवून डावीकडे रिचार्लिसन, कारण त्याला मागे येऊन उदोगीला मदत करायची होती आणि हवेतले चेंडू जिंकायचे होते.

४२ व्या मिनिटाला सारने डावीकडून आत वळणारा क्रॉस टाकला. जॉन्सन झेपावला, चेंडू युनायटेडच्या ल्यूक शॉच्या अंगाला लागला, पुन्हा जॉन्सनच्या पायाचं टोक लागलं न लागलं, आणि चेंडू सावकाश रेषा ओलांडून गेला. वर्षभर जॉन्सनचा गोल असाच असायचा. दुसऱ्या बाजूने क्रॉस आला की तो दूरच्या खांबापाशी हजर. त्या हंगामात त्याने सगळ्या स्पर्धांत १८ गोल केले, क्लबमध्ये सर्वाधिक. अशा जागी सतत पोचणं हे कौशल्य आहे, भले प्रत्येक गोल दिसायला साधा असेल.

त्यानंतर ५० मिनिटं बचाव. स्पर्सकडे चेंडूचा ताबा साधारण २७ टक्के होता, अख्ख्या सामन्यात तीन फटके मारले. ६८ व्या मिनिटाला फ्री किकवर विकारिओ बाहेर आला, चेंडू हातून निसटला, युनायटेडच्या हॉयलुंडने रिकाम्या गोलकडे डोक्याने चेंडू पाठवला, आणि व्हॅन डी व्हेनने मागे जात, हवेत उलटं झुकून, रेषेवरून पाय लावून तो बाहेर काढला. तो तिथे होता कारण लाइन तिथे होती, पाच-सहा मीटरवर. मध्यरेषेवर उभ्या बचावपटूला हे वाचवता येत नाही, मग त्याचा वेग कितीही असो. ७८ व्या मिनिटाला जॉन्सनला काढून डान्सोला आणलं, मागे पाच जण झाले. नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाई वेळेत शॉचा हेडर विकारिओने वळवला. १-० वर सामना संपला.

त्या हंगामात युनायटेडला चौथ्यांदा हरवलं: लीगमध्ये ३-० आणि १-०, लीग कपमध्ये ४-३, आणि हा. पहिल्या ३-० मध्ये स्पर्सने चेंडू पळवून पळवून त्यांना दमवलं होतं. शेवटच्या १-० मध्ये चेंडू त्यांच्याच हाती सोपवून दिला. ही दोन टोकं एकाच प्रशिक्षकाने आठ महिन्यांत गाठली, याचं श्रेय त्यांना पूर्ण द्यायला हवं. सप्टेंबरात आर्सेनलकडून हरल्यावर ते म्हणाले होते की दुसऱ्या वर्षी मी नेहमीच काहीतरी जिंकतो. लोक हसले. योकोहामाला त्यांनी २०१९ ची जपानची लीग दुसऱ्याच पूर्ण हंगामात जिंकून दिली होती, सेल्टिकला दुसऱ्या वर्षी तिन्ही देशी चषक. बोलणं पोकळ नव्हतं.

भारतात हा सामना २१ मेची मध्यरात्र उलटल्यावर साडेबाराला सुरू झाला. हिवाळ्यातले गुरुवारचे सामने शुक्रवारी पहाटे दीडला असतात, तेव्हा इथल्या स्पर्स समर्थकांना मेमधली ही वेळ सवलतीचीच. मुंबई-पुण्यात या क्लबला मानणारे लिव्हरपूल किंवा युनायटेडच्या मानाने मूठभर. २००८ नंतर हा क्लब धरलेल्यांनी तोवर एकही चषक पाहिलेला नव्हता. २०१९ ला माद्रिदमध्ये लिव्हरपूलकडून चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात हार, २०२१ ला लीग कपच्या अंतिम सामन्यात सिटीकडून हार, अशा हारीच खात्यात. १९६३ मध्ये रॉटरडॅमला अॅटलेटिको माद्रिदला ५-१ हरवून युरोपीय चषक जिंकणारा पहिला ब्रिटिश क्लब आपला, हे वाचून माहीत असणं वेगळं.

६ जूनला क्लबने पोस्टेकोग्लूंना काढलं. नेमणुकीला त्या दिवशी बरोबर दोन वर्षं झाली होती. क्लबने दिलेलं कारण आकड्यांत होतं: पहिली चांगली सुरुवात सोडली तर लीगच्या ६६ सामन्यांत ७८ गुण. आकडा खरा आहे, वर दिलेले ४० आणि ३८ मिळवले की तेवढाच येतो. ६६ सामने म्हणजे जवळजवळ पावणेदोन हंगाम, इतक्या नमुन्यावर दुखापतींचं कारण पूर्ण पुरत नाही. तरीही मला तो निर्णय घाईचा वाटला. कारण फ्रँकफर्ट, बोडो आणि बिल्बाओ या तीन सामन्यांत हा माणूस बदलू शकतो, लाइन वीस मीटर खाली घेऊ शकतो, सोनला बाकावर बसवू शकतो, हे पहिल्यांदा सिद्ध झालं होतं. लीगमध्येही तो तसं करेल का, याचं उत्तर मिळण्याआधीच प्रश्न बंद केला गेला.

त्यांच्या जागी आलेल्या थॉमस फ्रँकनी ऑगस्टमध्ये उदिनेला युरोपच्या सुपर कपच्या सामन्यात पॅरिस सेंट जर्मेनसमोर मागे पाच जण उभे केले, आणि व्हॅन डी व्हेन आणि रोमेरो यांनी सेट पीसवर, म्हणजे थांबलेल्या चेंडूवरून सुरू झालेल्या डावात, एकेक गोल करून २-० ची आघाडी मिळवून दिली. ८५ व्या मिनिटापर्यंत ती टिकली, मग दोन गोल बसले आणि पेनल्टीवर हार झाली. संघ त्या दिवशी जसा उभा होता, त्यात बिल्बाओची शेवटची बारा मिनिटं स्पष्ट ओळखू येत होती. सोन तोवर लॉस एंजेलिसला गेला होता, दहा वर्षांत ४५४ सामने आणि १७३ गोल करून, एक चषक घेऊन.